तलावाकाठी तीन दिवस आणि एक बैल

लग्नाला अकरा महिने झाले होते आणि मी माझ्या बायकोशी दिवसाउजेडी सलग दहा वाक्यंही बोललो नव्हतो. आज हे सांगितलं की आमची मुलं हसतात. पण वर्ध्याकडच्या सेलूजवळ, आमच्या गावात, आमच्यासारख्या कास्तकाराच्या घरात, तेव्हा तसंच होतं. मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. हा कायदा कोणी लिहिला नव्हता, त्यामुळे तो कोणी मोडतही नव्हतं. साल सत्त्याहत्तर असावं किंवा अठ्ठ्याहत्तर. बायको म्हणते सत्त्याहत्तर, म्हणजे सत्त्याहत्तरच.

यावर आमच्याकडे एक तोड होती. बोलायचं असलं की मधे तिसरा कोणीतरी धरायचा आणि त्याला सांगितल्यासारखं करायचं. बहुतेक घरांत हे काम लहान लेकराच्या माथी पडायचं. आमच्या घरात लेकरू नव्हतं, म्हणून बायकोनं बैल धरला. स्वयंपाकघराच्या दारासमोरच गोठा होता आणि डाव्या हाताचा तांबडा बैल दाराकडे तोंड करून बांधलेला असायचा. त्याला ती राजा म्हणायची. "राजा, तुह्या मालकाले सांगजो, जिनिंगमधून येताना सुई-दोरा आणा म्हणा." मी चपला घालता घालता बैलाकडे पाहून म्हणायचो, "सांग तिले, आणतो." आई बाजूला तांदूळ निवडत असायची, बाबा ओसरीवर बसलेले असायचे, दोघांना सगळं ऐकू जायचं आणि दोघांनीही काही ऐकलेलं नसायचं. बैल रवंथ करत राहायचा.

मी जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. बायको रोहण्याची, मॅट्रिक झालेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. हे तिनं मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं, ते मात्र बैलामार्फत नाही. वर्ध्याला शिक्षिकेचा दोन वर्षांचा कोर्स होता. त्याचा अर्ज मी जिनिंगच्या टेबलावर बसून भरला आणि पत्ताही जिनिंगचाच दिला. एवढं शौर्य माझ्या हातून झालं. मे महिन्यात उत्तर आलं, तिची निवड झाली होती. सोबत एक संमतिपत्र होतं आणि त्यावर खाली एक रिकामी रेघ: पती अथवा पालकाची सही. कागद भरून पाठवायची शेवटची तारीख सोमवार.

सही मी कधीही करू शकत होतो, पेन खिशातच असायचं. पण आमच्या घरात बाबांना विचारल्याशिवाय बैलाचं दावंदेखील बदलत नसे, आणि इथं तर घरची सून दोन वर्षं वर्ध्याजवळ सिंदी मेघेला तिच्या मावशीकडे राहायला जाणार होती. बाबा आवाज चढवणारे नव्हते. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ते ऐकून घ्यायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याची मला लहानपणापासून धास्ती होती. एवढा बाप्या झालो तरी ती गेली नव्हती.

बायकोनं कागद पाहिला, नीट घडी केली आणि ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याकडे तोंड करून म्हणाली, "राजा, तुह्या मालकाले इचार, मामाजींले कवा सांगणार हाय?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे बाबा. "सांग तिले, सांगतो म्हणा," मी म्हणालो.

असे चार दिवस गेले. रोज मी कामावरून यायचो, बाबांसमोर जाऊन बसायचो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याबद्दल बोलायचो आणि उठायचो.

शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली होती. माझ्या वर्गातला एक मित्र बोर धरणाच्या जंगलात नाकेदार होता, म्हणजे जंगल खात्याचा शिपाई. तो नेहमी सांगायचा की तलावाच्या मागच्या अंगाला अर्जुनाच्या झाडाखाली एक मोकळी जागा आहे, परवानगीची चिठ्ठी घेतली की कोणालाही राहता येतं. नळ नाही, दिवा नाही, खोली नाही, काही म्हणजे काही नाही. मला नेमकं तेच पाहिजे होतं. तीन दिवस मी आणि ती. उजेडात समोरासमोर बसून बोलू, बाबांना कसं सांगायचं ते ठरवू, आणि परत येऊन मी सांगीन. घरी म्हणालो, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधी तीन दिवस तलावाकाठी हवा बदलून येतो.

आई म्हणाली, "मीबी येते. माह्या पायाले कवापासून गार पाणी नाई लागलं."

माझा चेहरा पडला. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मंग बंडी मीच हाकतो."

मी कपाळाला हात लावला, अर्थात मनातल्या मनात. लोक बायकोला घेऊन महाबळेश्वरला जातात. माझ्या मधुचंद्राला माझे आईवडील निघाले होते, बैलांसकट.

शुक्रवारी पहाटे बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, निघाली. बंडीत कडबा, कडब्यावर जिनिंगमधून मागून आणलेली ताडपत्री, कणकेचा डबा, तुपाची बरणी, वांगी, गोवऱ्यांचं पोतं, आणि या सगळ्याच्या मधे आई आणि डोक्यावर पदर घेतलेली माझी बायको. मी मागून चालत होतो. मला राग आला होता आणि रागात मला बसवत नाही. हिंगणी मागे पडली तेव्हा ऊन चटकायला लागलं. जंगल सुरू झालं, पण मे महिन्यातलं जंगल, सागाला एक पान नाही. सगळी पानं खाली, आणि चाकाखाली ती असा आवाज करत होती की शेजारी बोललेलंही ऐकू येऊ नये. म्हटलं, बघा, निसर्गानंसुद्धा आमच्या बोलण्यावर बंदी घातली.

मग झाडी एकदम संपली आणि तलाव दिसला. उन्हाळ्यानं पाणी आत ओढून घेतलं होतं, काठाला भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा आणि त्याच्या पलीकडे निळं पाणी, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. गावाच्या विहिरीत खरवडून पाणी काढणाऱ्या माणसांनी एवढं पाणी एकदम पाहिलं की ती गप्प होतात. आई बंडीतून उतरली आणि चप्पल हातात घेऊन सरळ पाण्याकडे चालू लागली. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिले." माझा राग निम्मा तिथंच उतरला.

नाकेदार वाट पाहतच होता. त्यानं नियम सांगितले. चूल फक्त रेतीवर, पाचोळ्यापासून दूर. सूर्य बुडाला की बंडीपासून लांब जायचं नाही. "तोबी पाण्यावर येते," तो म्हणाला. "त्याले चिठ्ठी मागाची माही हिंमत नाई." आईनं बैलांना आणखी जवळ बांधायला लावलं.

आम्ही अर्जुनाच्या फांदीवरून ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. तिला सरकीचा वास येत होता. आत बायका झोपणार, बाहेर बंडीशी बाबा आणि मी. म्हणजे उन्हाळ्यात घरी असायची तीच व्यवस्था, फक्त भिंती नव्हत्या.

पहिलं काम पिण्याच्या पाण्याचं. तलावाचं पाणी गढूळ, त्यात जनावरं उतरणारी. त्यासाठी झिरा करायचा. काठापासून दहा-बारा पावलं अलीकडे रेतीत हातानं खड्डा खणायचा, गुडघाभर खोल गेलं की खालून पाणी पाझरतं. पहिलं पाणी मळकट असतं, ते उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. मग हात न लावता बसून राहायचं. तिसऱ्यांदा आलेलं पाणी निवळतं आणि इतकं गार असतं की दातांना कळ लागते. बाबांनी आणि मी समोरासमोर बसून झिरा खणला. दुसरं पाणी उपसून झालं, आम्ही थांबलो होतो. बाबा खड्ड्याकडे पाहत म्हणाले, "काई सांगायचं हाय का तुले?"

"नाई," मी म्हणालो. "काऊन?"

"काई नाई. इचारलं."

त्यांनी पेला बुडवला आणि पाणी प्याले. मला वाटलं, बालंबाल वाचलो.

दुसरा दिवस मी बायकोला एकटं गाठण्यात घालवला. सरपण आणायचं निमित्त काढलं, तर आई म्हणाली, चाल, मी दाखवते कोणती लाकडं धूर करत नाहीत. काठावर वाघाच्या पंजाचा ठसा उमटलाय तो दाखवतो म्हटलं, तर तिघंही आले, आणि ठसा निघाला कुत्र्याचा. नाकेदार पोट धरून हसला. दुपारी ऊन असं की झाडाखालून हलायची सोय नव्हती, मग चौघंही अर्जुनाच्या सावलीत, सावली सरकेल तसे सरकत राहिलो. एका वाक्याचीही संधी नाही. माझी चिडचिड होत होती आणि मी ती बैलांच्या अंगावरच्या गोचिड्या काढण्यात जिरवत होतो.

पण त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर एक गोष्ट घडली आणि ती मी विसरू शकलेलो नाही. आई आणि बायको पाण्यात उतरल्या होत्या, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. आईच्या पायाला बारके मासे तोंड लावायला लागले. ती किंचाळली, घसरली, आणि सुनेचा हात धरून दोघीही पाण्यात बसल्या, लुगड्यासकट. आणि बायको हसली. तोंडावर पदर न धरता, मोठ्यानं, थांबता थांबेना असं. अकरा महिन्यांत मी तिचं हसणं पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. मी काठावर तांब्या हातात घेऊन उभा होतो. मला फार आनंद झाला आणि लगेच फार वाईट वाटलं, कारण ही मुलगी अशी हसते हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात तिला हसायला जागाच नव्हती, आणि मी त्या घरातला होतो.

संध्याकाळी बैलांना पाणी दाखवायला मी गेलो, तेव्हा ती ओलं लुगडं बंडीच्या जुवावर वाळत घालत होती. आई चार पावलांवर. बायको तांबड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "राजा, तुह्या मालकाले सांगजो, दोन दिवस झाले. सोमवार आखरी हाय."

"राजा, सांग तिले," मी म्हणालो, "उद्या. नक्की."

बैलानं शेपटी उचलली आणि आपलं मत दिलं. बायकोच्या ओठांचे कोपरे हलले, पण डोळे हसले नाहीत. तिनं कागद सोबत आणला होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो तिच्या कमरेच्या पिशवीत होता, आणि पाण्यात पडली तेव्हा तिनं एका हातानं ती पिशवी वर धरली होती. पाहिलं मी ते, पण काय पाहतोय ते कळलं नव्हतं.

जेवण झाल्यावर बाबा बिडी पेटवून म्हणाले, "काई सांगायचं हाय का?" मी म्हणालो, झोप येऊन राह्यली बाबा. वर आकाश भरून चांदण्या होत्या आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले.

तिसरा दिवस रोडग्यांचा. आमच्याकडे नदीकाठी, देवळाजवळ, वावरात, कुठंही बाहेर जेवण असलं की रोडगे आणि वांग्याची भाजी. आणि रोडगे पुरुषच करणार. का ते मला माहीत नाही. घरी ज्यानं कधी पाण्याचा पेला उचलला नाही, तोही त्या दिवशी धोतर खोचून परातीशी बसतो. बायकांनी बसून राहायचं, पहिली पंगत त्यांची, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषानं त्यांना वाढायचं.

बाबांनी जाडं पीठ घट्ट मळलं, त्याच्या पाऱ्या लाटल्या, मधे तेल-पीठ लावून एकावर एक ठेवून गोळे वळले. मी गोवऱ्या रचल्या. त्या पेटून लाल झाल्या की आर, म्हणजे निखारे, मोकळे करायचे, त्यात गोळे पुरायचे आणि मधूनमधून फिरवत राहायचं. नजर हलली की एका अंगानं कोळसा. आई काठावर बसून सारखी म्हणत होती, "ते करपून राह्यलं," आणि बाबा म्हणत होते, "तू बस." बारा महिन्यांचं उट्टं काढत होते दोघंही.

आर हलवता हलवता बाबा हळूच म्हणाले, "आज आपण जाऊ. काई सांगायचं हाय का?"

तिसऱ्यांदा. वाक्य माझ्या जिभेवर होतं, शपथेवर सांगतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "धूर गंज होऊन राह्यला बाबा."

बाबांनी मान हलवली आणि रोडगा उलटा केला.

पंगत बसली. पंगत कसली, दोन पत्रावळी. एकीवर आई, दुसरीवर माझी बायको, डोक्यावर पदर, नजर खाली. नाकेदाराला जेवायला बोलावलं होतं, तो आणि मी आराशी बसलो होतो. बाबांनी रोडगा फडक्यात धरून राख झटकली, दाबून फोडला, वर तूप सोडलं, आईला वाढला. मग सुनेसमोर वाकले. अकरा महिन्यांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. सासऱ्याशी बोलायचा तर बैलामार्फतही रिवाज नव्हता.

"वाढू का?" बाबांनी विचारलं.

तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. मान वर केली, पण बाबांकडे पाहिलं नाही. अर्जुनाला बांधलेल्या तांबड्याकडे पाहिलं. शब्द न् शब्द ऐकू आला.

"राजा, मामाजींले सांगजो, मले रोडगा नोको. मले सही पायजे."

आणि तिनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढून उलगडला आणि पत्रावळीवर ठेवला.

आईचा घास हातात राहिला. नाकेदार उगाच तलावाकडे पाहायला लागला. बाबा तसेच वाकलेले, एका हातात तुपाची बरणी, दुसऱ्या हातात फोडलेला रोडगा. आता टोपी काढतील, मांडीवर ठेवतील आणि संपलं, असं मला वाटलं. पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. ते सरळ उभे राहिले आणि बैलाकडे वळले.

"राजा," बाबा म्हणाले, "तुह्या मालकिनीले सांग, मलेबी वाचता येते. त्या कागदावर तिच्या नवऱ्याची सही लागते. त्याले तोंड हाय का ते इचार पहिले."

बैलानं कान हलवला. कोणीच हसलं नाही.

मी उठलो. हात राखेनं भरलेले, डोळे धुरानं, म्हणजे धुरानंच असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. दोन पावलं टाकायला मला किती वेळ लागला कोणास ठाऊक. "बाबा," मी म्हणालो, "तिले शिकायले जायचं हाय. दोन वर्षं. मी पाठवतो." आणि मग बैलाला वगळून, आईबापांच्या देखत, भर दुपारी, मी माझ्या बायकोकडे पाहून म्हणालो, "दे कागद. चुकलो मी."

माझं पेन घरी शर्टाच्या खिशात राहिलं होतं. जंगलात पेन कशाला म्हणून काढून ठेवलेलं. नाकेदारानं चिठ्ठ्या लिहायचं आपलं पेन दिलं आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक खाली धरायला दिलं. मी सही केली. माझ्या अंगठ्याची राख सहीच्या बाजूला उमटली, ती पुसायला गेलो तर आणखी पसरली.

"झालं ना?" आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते पण आवाज नेहमीचा होता. "आता जेवू द्या पोरीले. रोडगा थंडा होऊन राह्यला." मग सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाजो तू. घरचं मी पाहतो म्हणतील हे दोघं, पण पाहीन मीच."

बाबांनी सुनेला रोडगा वाढला. एक संपल्यावर दुसरा वाढला. ती जेवताना रडत होती आणि नाही म्हणत नव्हती.

परतताना बाबांनी मला पुढं बसवून घेतलं. बायका मागं कडब्यावर पेंगत होत्या. हिंगणी आली. मग कासरा सैल सोडत म्हणाले, "पोस्टमननं मले त्याच दिवशी सांगतलं होतं. तो कागद नंतर देते, बातमी पहिले देते."

"घरी तुले तोंड फुटत नाई. म्हटलं जंगलात फुटन. म्हणून आलो." बैलांकडे पाहत म्हणाले, "मी तीन डाव इचारलं बाबू. पोरीले बैलासंग बोला लागलं."

एवढंच. रागानं बोलले असते तर मी काही तरी सबब सांगितली असती. मी खाली उतरलो आणि पुन्हा बंडीच्या मागून चालू लागलो, पण या वेळी राग कोणावर काढायचा ते मला माहीत होतं.

सोमवारी कागद मी स्वतः वर्ध्याला नेऊन दिला. ती सिंदी मेघेला राहिली, दोन वर्षं शिकली, मास्तरीण झाली. तिची पहिली शाळा आमच्या गावापासून दोन कोसांवर होती, तिथं ती सायकलनं जायची. आई दारात उभी राहून सायकल वळेपर्यंत पाहायची. सासरा आणि सून मात्र शेवटपर्यंत एकमेकांशी सरळ बोलले नाहीत. त्यांना त्या तिसऱ्याची चटक लागली होती. "राजा, मास्तरणीले सांग, आज पाऊस हाय, सायकल नेऊ नोको म्हणा." "राजा, मामाजींले सांगजो, औषध घेतलं नाई तर मी शाळेत जाणार नाई." तांबडा म्हातारा होऊन गेला. तरी त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहून दोघं बोलत राहिले. नवा बैल काळा होता, त्याला हे कधी जमलं नाही असं बाबांचं मत होतं.

माझं आणि तिचं बोलणं मात्र त्या दिवसापासून सरळ सुरू झालं, भांडणासकट. तिनं मला त्या तीन दिवसांवरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. एकदा मी विचारलं, तू थांबली का नाहीस, मी बोलणार होतो. ती म्हणाली, "तुम्ही बोलणारच होते. पण सोमवार थांबणार नव्हता."

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आम्ही पुन्हा तलावावर गेलो. बाबांना तेव्हा दमा लागला होता, चार पावलं टाकली की बसावं लागायचं. एक दिवस सकाळी म्हणाले, तलाव पाहायचाय. आता तिथं मुक्काम करू देत नव्हते, दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. आई मुलांना घेऊन घरी राहिली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर गादी टाकून मी, बायको आणि बाबा गेलो. अर्जुनाचं झाड तसंच होतं. फांदीवर ताडपत्रीच्या दोरीचा वळ शोधला, सापडला नाही. बायको लुगड्याचा ओचा धरून पाण्याकडे गेली, आईच्या वाटचं पाय बुडवायला.

मी काठापासून दहा पावलं मोजली आणि झिरा खणायला बसलो. बाबा समोर बसले, खणायचं बळ नव्हतं, पण रेतीत हात घालून होते. पहिलं पाणी मी उपसून टाकलं. दुसरंही टाकलं. मग दोघं गप्प बसलो. पलीकडे बायको पाण्यात पाय हलवत होती, तेवढाच आवाज.

बाबा खड्ड्याकडे पाहत म्हणाले, "काई सांगायचं हाय का तुले?"

"हो," मी म्हणालो. एवढी वर्षं मी ते वाक्य तयार ठेवलं होतं आणि ते तसं आलंच नाही. "बाबा, मले तवा तुमचं भेव वाटलं होतं. तुम्ही नाई म्हणान असं नोतं वाटलं. तुम्ही गप बसान, याचं भेव. तिच्यापेक्षा मी माहं भेव मोठं धरलं. त्याची मले आजबी लाज वाटते."

बाबांना दम लागला होता. त्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. मी वाट पाहत राहिलो, आणि कळलं की आता मला त्या गप्प बसण्याची धास्ती वाटत नाही. ते माझे बाबा होते, थकलेले, आणि श्वास जुळवत होते, बस.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "मीबी माह्या बापासमोर असाच बसत होतो. त्यानं मले कवाच इचारलं नाई. म्हणून मी इचारत होतो."

खड्ड्यात पाणी चढलं होतं आणि तळाची रेती दिसायला लागली होती. मी पेला बुडवून भरला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. पाण्याकाठी उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे हात केला.

"पयला तिले दे," बाबा म्हणाले.